एक सर्व्हर, सात डोमेन्स आणि पुन्हा पुन्हा स्पॅममध्ये जाणारे मेल

लक्षण बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. सर्व्हर एक, त्यावर सात डोमेन्स. सहांचे मेल नीट पोचतात, सातव्याचे जीमेलच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. एखादा डीएनएस रेकॉर्ड (डोमेनबद्दलची सगळ्यांना दिसणारी नोंद) दुरुस्त करावा, दोन आठवडे शांततेत जावेत आणि मग भलत्याच डोमेनची तक्रार यावी. किंवा तक्रार त्याच डोमेनची, पण अर्धवट: सकाळचा मेल इनबॉक्समध्ये, दुपारचा स्पॅममध्ये, आणि पाठवणारा तोच, घेणाराही तोच.

माझ्याकडे मुंबईतल्या लहान व्यवसायांची मिळून सात डोमेन्स एका सर्व्हरवर आहेत; मेलची ने-आण पोस्टफिक्स हे सॉफ्टवेअर करतं. परळची एक पॅथॉलॉजी लॅब, लालबागचं मसाल्याचं दुकान, गिरगावातला छापखाना, दादरचा क्लास, मुलुंडची एक हाउसिंग सोसायटी, आणि नाव दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून छापखान्याच्या काकांनी घेऊन ठेवलेली दोन डोमेन्स. मसाल्याच्या दुकानाचा मेल स्पॅममध्ये गेला तर ऑर्डर एक दिवस उशिरा निघते. लॅबचं तसं नाही. परळला केईएम, टाटा, वाडिया ही हॉस्पिटलं जवळजवळ; पेशंट कोकणातून, खानदेशातून आलेले. सँपल देऊन माणूस रात्रीची गाडी पकडतो आणि गावी बसून रिपोर्टची वाट मोबाइलवर बघतो. "अहो दादा, चिपळूणचे एक पेशंट तीन दिवस फोन करतायत, रिपोर्ट आलाच नाही म्हणतात," असं लॅबच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा आमच्या लॉगमध्ये त्या मेलपुढे २५० हा आकडा होता, म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला. पण २५० म्हणजे इनबॉक्स नव्हे. स्वीकारलेला मेल कुठे ठेवायचा हे तो सर्व्हर नंतर ठरवतो आणि ते आपल्याला कळवत नाही. म्हणून लॉग बघून निश्चिंत होऊ नका.

पुढे मी रेकॉर्ड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. पॅनेलमध्ये ते रोमन अक्षरांतच टाकायचे. आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता, उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातला आहे, त्याच्या जागी तुमचा घाला.

आधी हेडर, मग रेकॉर्ड

स्पॅममध्ये गेलेला एक मेल आणि त्याच डोमेनचा नीट पोचलेला एक मेल घ्या. दोघांचे पूर्ण हेडर (मेलच्या वर असलेली त्याच्या प्रवासाची माहिती) शेजारीशेजारी ठेवा आणि प्रत्येकातून चार गोष्टी कागदावर उतरवा. वाचणाऱ्याला दिसतो तो फ्रॉमचा पत्ता. रिटर्न-पाथ, म्हणजे पाकिटावरचा पाठवणारा. डीकेआयएमच्या सहीत डी= पुढे लिहिलेलं डोमेन. आणि मेल ज्या आयपीवरून आला तो आयपी. (एसपीएफ म्हणजे डोमेनचे मेल कुठल्या आयपीवरून निघू शकतात त्याची यादी; डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने मेलवर केलेली डिजिटल सही.) नुसतं 'एसपीएफ पास, डीकेआयएम पास' एवढंच वाचून हेडर बंद करणारे खूप जण मी पाहिलेत. पास झालंय खरं, पण कुणाच्या नावाने, हा प्रश्न राहून जातो. अनेक डोमेन्सच्या सर्व्हरवर खरं उत्तर तिथेच असतं.

चाळीचं उदाहरण घ्या. चाळीचा पत्ता एकच असतो, पण प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारावर पाटी वेगळी. मेल सर्व्हरलाही नाव एकच हवं आणि सही मात्र ज्या त्या डोमेनची हवी. ज्यांच्याकडे हा त्रास परत परत येतो त्यांच्याकडे बहुतेकदा हे उलटं झालेलं दिसतं: सर्व्हरला सात नावं देण्याचा खटाटोप चाललेला असतो, आणि सही सगळ्यांची एकाच डोमेनच्या नावाने होत असते.

सर्व्हरचं एकच नाव

पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारा रेकॉर्ड, तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये नसतो. आयपी ज्याच्या मालकीचा त्याच्याकडे तो असतो. होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये 'रिव्हर्स डीएनएस' असा रकाना असतो, नसेल तर त्यांच्याकडे तिकीट टाकावं लागतं. घेणारा सर्व्हर आयपीवरून नाव काढतो, त्या नावावरून परत आयपी काढतो आणि दोन्ही जुळतात का बघतो. शिवाय बोलणं सुरू करताना सर्व्हर हेलोमध्ये जे नाव सांगतो तेही हेच असावं. पोस्टफिक्समध्ये ते मायहोस्टनेम या सेटिंगमधून येतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पीटीआरचं नाव आणि फ्रॉममधलं डोमेन जुळलं पाहिजे, असं अनेकांना वाटतं. तशी काही अट नाही. लॅबचा मेल छापखान्याच्या डोमेनखालच्या सर्व्हर-नावाने निघाला तरी चालतं. या गैरसमजापोटी एकाच आयपीला सात पीटीआर लावले जातात. मीही सुरुवातीला तीन लावले होते. मग घेणाऱ्याला विचारेल तेव्हा वेगळ्या क्रमाने नावं मिळतात आणि हेलोशी कधी जुळतं, कधी जुळत नाही. एक आयपी, एक पीटीआर, विषय संपला.

सातही डोमेन्सचे एमएक्स, म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे यायचा ते सांगणारे रेकॉर्ड, याच एका नावाकडे वळवा. एमएक्सच्या पुढे जे नाव येतं त्याला थेट ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारा) हवा, सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारा) चालत नाही. आणि वेबसाइटसाठी क्लाउडफ्लेअरसारखी सेवा वापरत असाल तर मेल सर्व्हरच्या ए रेकॉर्डवरची प्रॉक्सी बंद ठेवा, नाहीतर ते नाव तुमच्या आयपीऐवजी त्यांच्या आयपीकडे बोट दाखवतं.

सर्व्हरच्या या नावालासुद्धा स्वतःचा एसपीएफ रेकॉर्ड लागतो. तो बहुतेक जण विसरतात. बाऊन्स मेलचा रिटर्न-पाथ रिकामा असतो, आणि रिटर्न-पाथ रिकामा असला की एसपीएफ हेलोच्या नावावर तपासला जातो. 'व्ही=एसपीएफ१ ए -ऑल' एवढी एक ओळ त्या नावावर टाकली की झालं.

एसपीएफ: दहाची मर्यादा

एसपीएफ रिटर्न-पाथमधल्या डोमेनवर तपासला जातो, फ्रॉमवर नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

सात डोमेन्सच्या सात रेकॉर्डमध्ये आयपी लिहिण्यापेक्षा मी सर्व्हरच्या डोमेनखाली एक सामायिक रेकॉर्ड ठेवतो, 'व्ही=एसपीएफ१ आयपी४:२०३.०.११३.२५ ~ऑल' असा, आणि बाकी डोमेन्स इन्क्लुडने, म्हणजे दुसरा रेकॉर्ड आपल्यात सामील करून, त्याच्याकडे बघतात. सर्व्हर बदलला की एकाच जागी बदल. याची किंमत म्हणजे प्रत्येक डोमेनची एक लुकअप (डीएनएसला केलेली विचारणा) खर्ची पडते, आणि लुकअप मोजक्याच असतात. एसपीएफच्या नियमाप्रमाणे इन्क्लुड, ए, एमएक्स, पीटीआर, एक्झिस्ट्स आणि रीडायरेक्ट मिळून १० पेक्षा जास्त लुकअप झाल्या की निकाल 'परमएरर' येतो, म्हणजे रेकॉर्डच चुकीचा धरला जातो. आयपी४, आयपी६ आणि ऑल यांची मोजणी होत नाही.

दादरच्या क्लासचं नेमकं हेच झालं होतं. प्रवेशाच्या दिवसांत त्यांनी न्यूजलेटरची सेवा घेतली, फी भरायची सेवा घेतली, ऑफिसचे मेल आणखी तिसरीकडे. प्रत्येकाने 'हा इन्क्लुड टाका' म्हणून सांगितलं, त्यांनी टाकला. वरवर चारच इन्क्लुड दिसत होते, पण प्रत्येकाच्या पोटात आणखी तीन-तीन. आपण काहीच न बदलता एके दिवशी बिघाड होतो तो यामुळेच: समोरच्या कंपनीने तिच्या रेकॉर्डमध्ये एक इन्क्लुड वाढवला की तुमची मोजणी दहावरून अकरावर जाते. म्हणून दर महिन्याला प्रत्येक डोमेनच्या लुकअप मी आतपर्यंत मोजतो. आठच्या वर गेल्या की न्यूजलेटरला उपडोमेन देतो, त्याचा एसपीएफ वेगळा.

क्लासच्या डोमेनवर दुसराही दोष होता. नवा रेकॉर्ड 'टाका' म्हटल्यावर जुन्यात भर घालायच्या ऐवजी दुसरा एसपीएफ रेकॉर्ड तयार केला गेला. एका नावावर एसपीएफचे दोन रेकॉर्ड असले की दोन्ही बाद, निकाल परमएरर.

शेवटी -ऑल (यादीबाहेरचा मेल नापास) की ~ऑल (यादीबाहेरचा मेल फक्त संशयित)? चालत्या डोमेनला मी ~ऑल ठेवतो. -ऑल दिसताच काही सर्व्हर डीकेआयएम न बघताच मेल नाकारतात, आणि फॉरवर्ड झालेल्या मेलचा त्यात विनाकारण बळी जातो. कडक निर्णय डीमार्ककडे, म्हणजे नापास मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या रेकॉर्डकडे, सोपवावा.

डीकेआयएम: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

लॅबच्या तक्रारीचं पहिलं कारण हेडरमध्ये स्पष्ट होतं. डीकेआयएम पास, पण डी= पुढे छापखान्याचं डोमेन. सर्व्हर उभा केला तेव्हा त्यावर छापखाना एकटाच होता, सही करणाऱ्या ओपनडीकेआयएम या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये एकच डोमेन आणि एकच 'की' (सही करायची किल्ली) लिहिलेली. पुढे डोमेन्स वाढली, सही तीच राहिली. घेणाऱ्याच्या दृष्टीने सही खरी आहे, फक्त ती भलत्याच माणसाची आहे. डीमार्कला फ्रॉमच्या डोमेनशी जुळणारी सही लागते.

उपाय म्हणजे प्रत्येक डोमेनला स्वतःची की, आणि की-टेबल व साइनिंग-टेबल अशा दोन फाइली. साइनिंग-टेबल सांगतो की अमुक डोमेनच्या पत्त्यावरून मेल निघाला तर तमुक की वापर. की-टेबल सांगतो की ती की कुठल्या डोमेनची, कुठल्या सिलेक्टरची (डीएनएसमध्ये ती की शोधायचं नाव) आणि कुठल्या फाइलमध्ये आहे. साइनिंग-टेबलमध्ये तारांकन वापरलं असेल तर मुख्य फाइलमध्ये त्या टेबलच्या फाइलच्या पाथआधी 'रीफाइल:' लिहावंच लागतं. नुसतं 'फाइल:' लिहिलं तर तारांकन हे साधं अक्षर समजलं जातं, काहीच जुळत नाही आणि मेल बिनसहीचा निघतो. एररही येत नाही. यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे.

मग की डीएनएसमध्ये टाकताना तीन जागी पाय घसरतो. २०४८ बिटांची की जवळपास ४०० अक्षरांची होते, आणि टीएक्सटी रेकॉर्डच्या (साधा मजकूर ठेवणारा रेकॉर्ड, की यातच जाते) एका तुकड्यात २५५ च मावतात. काही पॅनेल आपणहून दोन तुकडे करतात, काही मुकाट्याने शेपूट कापतात. त्यामुळे टाकल्यावर डिग या डीएनएस तपासायच्या कमांडने परत मागवून मूळ फाइलशी शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघा. दुसरं, नाव टाकताना पॅनेल डोमेन स्वतःहून जोडतं का ते पाहा. पूर्ण नाव लिहिलंत आणि पॅनेलनेही जोडलं की डोमेन दोनदा लागतं आणि रेकॉर्ड कुणालाच सापडत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त घडणारी: रेकॉर्ड चुकीच्या पॅनेलमध्ये टाकला जातो. डोमेन एकाकडून घेतलेलं, नेमसर्व्हर (डोमेनचे रेकॉर्ड जगाला सांगणारे सर्व्हर) दुसऱ्याचे. डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्येही डीएनएसचे रकाने असतात, तिथे भरलेलं सुंदर दिसतं आणि जगात कुठेच उमटत नाही. कामाला लागण्याआधी प्रत्येक डोमेनचे एनएस रेकॉर्ड (नेमसर्व्हर कुठले ते सांगणारे) बघा आणि तपासणी थेट त्या नेमसर्व्हरला विचारून करा. तुमच्या इंटरनेटचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं आणून देणारा सर्व्हर) जुनं उत्तर धरून बसलेला असू शकतो, 'असा रेकॉर्ड नाही' हे उत्तरसुद्धा.

ओपनडीकेआयएम-टेस्टकी ही की तपासायची कमांड चालवल्यावर 'की नॉट सिक्युअर' असं दिसलं तर घाबरू नका. डोमेनवर डीएनएससेक (डीएनएसची उत्तरं खरी आहेत याची खात्री देणारी सोय) नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाली 'की ओके' आलं की पुरे.

लालबागच्या दुकानाकडे डॉट भारतमधलं देवनागरी नावही आहे, ते मुख्य डोमेनचंच टोपणनाव म्हणून चालतं. असं असेल तर डीएनएसमध्ये, साइनिंग-टेबलमध्ये, सगळीकडे त्या नावाचं पुनीकोड रूप, म्हणजे रोमन अक्षरांतलं रूप, लिहायचं. एका फाइलमध्ये देवनागरी आणि दुसरीत पुनीकोड असं झालं की सही होत नाही.

तरीही लॅबची तक्रार परत आली

सही नीट झाली, महिनाभर मॅडमचा फोन नाही. मग पुन्हा तेच, पण फक्त रिपोर्टचे मेल. मॅडम स्वतः पाठवायच्या ते व्यवस्थित पोचत होते. हेडर पाहिले तर रिपोर्टवर सहीच नव्हती, आणि रिटर्न-पाथमध्ये लॅबच्या संगणकाचं नाव. रिपोर्ट पाठवणारं नवं सॉफ्टवेअर लॉगिन न करता थेट २५ नंबरच्या पोर्टवर मेल टाकत होतं. लॅबचा आयपी आमच्या मायनेटवर्क्समध्ये (लॉगिनशिवाय मेल घ्यायच्या आयपींची यादी) होता म्हणून पोस्टफिक्सने तो घेतला. ओपनडीकेआयएम मात्र फक्त त्याच्या 'इंटर्नलहोस्ट्स' यादीतल्या यंत्रांचे किंवा लॉगिन केलेल्यांचे मेल सही करतं. सही नाही, आणि एसपीएफही कुठल्यातरी संगणकाच्या नावावर तपासला गेलेला. सॉफ्टवेअरला लॅबचं स्वतंत्र खातं देऊन ५८७ पोर्टवर लॉगिन करायला लावलं, रिटर्न-पाथही लॅबच्या डोमेनचा केला. तुमच्याकडे वेबसाइटचा फॉर्म, बिलिंग सॉफ्टवेअर, स्कॅनर असं जे जे मेल पाठवतं त्या प्रत्येकाचा एकेक नमुना मेल मागवा. माणसाचा मेल पोचला म्हणजे यंत्राचाही पोचेल असं धरू नका.

तिसऱ्या वेळी आली ती सकाळ-दुपारची तक्रार. ही सगळ्यात चकवणारी. होस्टिंगवाल्याने सर्व्हरला जुन्या आयपीव्ही४ पत्त्याशिवाय नव्या पद्धतीचा आयपीव्ही६ पत्ताही दिला होता. पोस्टफिक्समध्ये एसएमटीपी-अॅड्रेस-प्रेफरन्स या सेटिंगची मूळ किंमत 'एनी' असते, म्हणजे समोरच्याकडे दोन्ही असतील तर आधी कुठल्या वाटेने जायचं ते यादृच्छिक ठरतं. आयपीव्ही४ चे सगळे रेकॉर्ड चोख. आयपीव्ही६ ला पीटीआर नाही, एसपीएफमध्ये नोंद नाही. म्हणून एक मेल इनबॉक्समध्ये, पुढचा स्पॅममध्ये, आणि कधी जीमेलकडून सरळ नकार. लॉगमधल्या अपयशी ओळींत लांबलचक कोलनवाले पत्ते दिसले तर हेच कारण. आयपीव्ही६ ला पीटीआर, सर्व्हरच्या नावाला एएएए रेकॉर्ड (नावावरून आयपीव्ही६ पत्ता सांगणारा) आणि सामायिक एसपीएफमध्ये आयपी६ ची नोंद, हे तिन्ही करा. होस्टिंगवाला पीटीआर देत नसेल तर पोस्टफिक्सच्या इनेट-प्रोटोकॉल्स या सेटिंगमध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवा. मी दुसरा मार्ग घेतला. लॅबच्या रिपोर्टवर प्रयोग करायची इच्छा नव्हती.

डीमार्क आणि न येणारे अहवाल

डीमार्क एवढंच विचारतो: एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक पास झालं का, आणि ते फ्रॉमच्या डोमेनच्या नावाने झालं का. आधी 'पी=नन' (नापास मेलचं काही करू नका) ठेवा आणि आरयूए या भागात अहवालांचा पत्ता द्या. रोज येणाऱ्या एक्सएमएल अहवालांत तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते दिसतं; क्लासची फी भरायची सेवा मला तिथेच सापडली.

सातही डोमेन्सचे अहवाल एका पत्त्यावर मागवले की मात्र फक्त त्या पत्त्याच्या स्वतःच्या डोमेनचे येतात, बाकीच्यांचे बहुतेक येतच नाहीत. कारण दुसऱ्या डोमेनवर अहवाल पाठवायला त्या दुसऱ्या डोमेनची परवानगी लागते. अहवाल घेणाऱ्या डोमेनमध्ये 'लॅबचं-डोमेन._रिपोर्ट._डीमार्क' या नावाने 'व्ही=डीमार्क१' असा टीएक्सटी रेकॉर्ड टाकायचा, प्रत्येक डोमेनसाठी एक.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले आहेत. एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि नीट जुळणारा पीटीआर सगळ्यांनाच लागतो. वैयक्तिक जीमेल खात्यांना दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात. आमच्यासारख्यांचे मेल दिवसाला शेकड्यांत असतात, तरी मी तिन्ही लावतो.

काकांच्या रिकाम्या दोन डोमेन्सनाही मोकळं सोडू नका. एसपीएफ 'व्ही=एसपीएफ१ -ऑल', डीमार्क 'पी=रिजेक्ट' (नापास मेल नाकारा), आणि एमएक्समध्ये शून्य प्राधान्याने नुसता टिंब.

रेकॉर्ड चोख, तरीही स्पॅम

मग आयपीची पत बघा, कारण ती सातही डोमेन्सची सामायिक आहे. मुलुंडच्या सोसायटीत सेक्रेटरीचा पत्ता त्यांच्या खासगी जीमेलवर फॉरवर्ड केलेला होता. सोसायटीला येणारा सगळा कचरा आमच्या आयपीवरून जीमेलकडे जात होता आणि जीमेलला कचरा पाठवणारे आम्हीच दिसत होतो. शिवाय फॉरवर्ड करताना मूळ पाठवणाऱ्याचा एसपीएफ मोडतो. पोस्टएसआरएसडी नावाच्या सॉफ्टवेअरने रिटर्न-पाथ बदलून एसपीएफ सावरता येतो, पण कचऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. मी फॉरवर्ड बंद करून सेक्रेटरींच्या मोबाइलवर सोसायटीचं खातंच जोडून दिलं. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये सातही डोमेन्स जोडून ठेवा. स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हवं असं गूगल सांगतं, मी ०.१ च्या वर गेलं की शोध सुरू करतो.

ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी) तपासताना अशी यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसकडून १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर आलं तर तुमचा आयपी यादीत आहे असा त्याचा अर्थ नाही. तुम्ही ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारताय, एवढंच ते सांगतं. सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा आणि त्यातून विचारा.

सध्या लॅबचं डोमेन 'पी=क्वारंटाइन'वर (नापास मेल स्पॅममध्ये टाका) आहे. त्याआधी सहा आठवडे मी अहवाल वाचले. शेवटच्या दोन आठवड्यांत लॅबचा एकही खरा मेल नापास झाला नव्हता. छापखान्याचं अजून 'नन'वरच आहे: त्यांचं बिलांचं सॉफ्टवेअर भलत्याच रिटर्न-पाथने मेल पाठवतं, आणि ते बनवणाऱ्यांकडे टाकलेलं तिकीट अजून उघडं आहे.